आधीची ओळ वाच

मावशी आजारी होती तेव्हाची गोष्ट. शेवटचे काही महिने तिला नीट दिसत नव्हतं म्हणून संध्याकाळी मी तिच्याजवळ बसून बायबल वाचून दाखवायचे, आणि त्या दिवशी रिपोर्ट चांगले आले नव्हते त्यामुळे मला काहीतरी धीर देणारं वाचायचं होतं. मोबाइलवर ॲप उघडलं आणि यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ काढलं, आपल्यातल्या बहुतेकांना पाठ असतं ते, देव म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. वाचून थांबले. मला वाटलं ती आमेन म्हणेल. ती म्हणाली, "आधीची ओळ वाच."

मी वर सरकवलं. दहावी ओळ. बाबेलची सत्तर वर्षं भरली की मी तुमच्याकडे लक्ष देईन आणि तुम्हाला या ठिकाणी परत आणीन, असं आहे तिथे.

मावशी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सत्तर वर्षं. म्हणजे ज्या म्हाताऱ्याच्या हातात हे पत्र पडलं तो काही परत जायचा नाही बघ. त्याची नातवंडं जातील. तरी देव त्यालाही हिताचंच म्हणतोय." आणि मग हळूच, "चालेल मला."

मला काय बोलावं सुचेना. तिचा हात धरून बसले नुसती. पण घरी आल्यावर झोप लागली नाही, कारण ही ओळ मी किती जणांना पाठवली होती, परीक्षेच्या आधी, नोकरीच्या इंटरव्ह्यूच्या आधी, लग्न जमत नव्हतं अशा मैत्रिणीला, आणि इतक्या वर्षांत एकदाही मी तिच्या आधीची ओळ वाचलेली नव्हती. रात्री उठून २७, २८, २९ असे तीन अध्याय सलग वाचले. तिथे कळलं की हे एक पत्र आहे, खरंखुरं, यिर्मयाने यरुशलेमेतून बाबेलला पाठवलेलं, बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने ज्यांना कैद करून नेलं होतं त्या लोकांना. आणि पत्रात अकराव्या ओळीच्या आधी काय सांगितलंय तर घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला बंदिवान म्हणून नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे सामान बांधून दारात बसू नका, इथे राहायचंय.

आणि त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या आहे. हा पण संदेष्टा म्हणवणारा. तो मंदिरात सगळ्यांसमोर म्हणतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, मंदिरातली पात्रं, राजा, बंदिवान, सगळं, आणि बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून मोडून टाकतो. लोकांना ते किती आवडलं असेल! दोन वर्षं कोणाला नको असतात. पण देवाने हनन्याला पाठवलेलंच नव्हतं, त्याच वर्षी तो मेला असं अध्यायाच्या शेवटी लिहिलंय.

मला धस्स झालं ते इथे. इतकी वर्षं मी यिर्मयाची ओळ हनन्याच्या आवाजात वाचत होते. शब्द देवाचे आणि अर्थ माझा, की होईल लवकर, सगळं ठीक होईल, दोन वर्षांत. आणि मावशीला, जिला दोन वर्षं पण नव्हती, तिला मी तेच द्यायला गेले होते, आणि तिने ते न घेता पूर्ण पत्र मागितलं आणि त्या पूर्ण पत्रात तिला जे मिळालं ते माझ्या अर्ध्या ओळीपेक्षा खूप मोठं होतं.

मी विश्वासी घरातच वाढले. बायबल हे देवाचं वचन आहे, त्याचा अधिकार सगळ्यात वर आहे, यावर माझा विश्वास आहे का असं कोणी विचारलं असतं तर मी क्षणभरही न थांबता हो म्हटलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. पण आता मागे वळून बघते तेव्हा दिसतं की मी ज्याचा अधिकार मानत होते ते बायबल नव्हतं, ते बायबलबद्दल दुसऱ्यांनी सांगितलेलं होतं. पास्टरांचा संदेश, कॅलेंडरवरची वचनं, ग्रुपवर येणारे फोटो, यूट्यूबवरचे मोठमोठे सेवक. त्यातलं बरंच चांगलं होतं, मी त्यावरच वाढले आणि त्यासाठी मी खरंच देवाचे आभार मानते. पण चांगलं कुठलं आणि हनन्याचं कुठलं हे ओळखायचं कशावरून? माझ्याकडे मापच नव्हतं, कारण माप म्हणून जे पुस्तक होतं ते मी तुकड्यातुकड्यांत ओळखत होते.

मग सुरुवातीलाच अडले. कारण नीट वाचायचं म्हटल्यावर जे प्रश्न मी लहानपणापासून गादीखाली सारल्यासारखे ठेवले होते ते सगळे वर आले. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने एकदा अगदी मोकळेपणाने विचारलं होतं की इतक्या हातांनी नकला केल्या, हजारो वर्षं गेली, भाषांतरांची भाषांतरं झाली, मग मूळ काय होतं हे तुला कसं माहीत? आणि मी तेव्हा म्हटलं होतं, विश्वासाची गोष्ट आहे ती. विषय तिथेच संपला, पण माझ्या मनात संपला नव्हता.

तर यावेळी मी बसून वाचलं. आणि जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या गुंडाळीपाशी आल्यावर मी अक्षरशः पुस्तक खाली ठेवून बसले. १९४७ च्या सुमाराला मृत समुद्राजवळ कुम्रानच्या गुहांमध्ये बेदुइन मेंढपाळांना मातीच्या रांजणांत जुन्या गुंडाळ्या सापडल्या, त्यात यशयाची एक अख्खी गुंडाळी होती, सगळे ६६ अध्याय, चामड्याचे १७ तुकडे एकमेकांना शिवून केलेली, ७ मीटरपेक्षा लांब. ती येशूच्या जन्माच्याही १०० वर्षांहून आधीची धरली जाते. त्याआधी इब्री भाषेतली जी पूर्ण हस्तलिखितं आपल्या हातात होती ती इसवी सनाच्या १०व्या-११व्या शतकातली. म्हणजे मध्ये जवळजवळ १००० वर्षांची दरी, आणि अचानक त्या दरीच्या पलीकडच्या काठावरची प्रत समोर आली. लोकांनी ओळ ओळ ताडून बघितली. फरक आहेत, बरेच आहेत, पण बहुतेक स्पेलिंगचे, एखादा शब्द कमीजास्त असे. एक मला फार आवडतो, ५३व्या अध्यायातल्या अकराव्या ओळीत या गुंडाळीत "प्रकाश" हा शब्द जास्त आहे, की दुसऱ्यांसाठी दुःख सोसणारा देवाचा जो सेवक तिथे आहे तो दुःख सोसल्यावर प्रकाश पाहील, आणि आताची कितीतरी भाषांतरं तो शब्द घेतात. पण सेवक तोच, त्याची जखम तीच, आपल्यासाठी ती सोसणंही तेच. हजार वर्षं हे जपलं नकला करणाऱ्यांनी, दिव्याच्या उजेडात, ज्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

नव्या कराराचंही असंच. ग्रीक हस्तलिखितंच ५००० च्या वर आहेत, काही पूर्ण, बरीचशी तुकडे. मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स लायब्ररीत पपायरसचा एक कपटा आहे, तळहाताहून लहान, त्यावर योहान १८ मधल्या काही ओळी आहेत, येशू रोमी सुभेदार पिलातासमोर उभा आहे तो प्रसंग, आणि तो तुकडा साधारण दुसऱ्या शतकातला मानतात. हस्तलिखितं जास्त म्हणजे फरकही जास्त दिसतात, हे मला आधी भीतीदायक वाटायचं, पण विचार केला तर उलटं आहे, एकच प्रत असती तर तिच्यात कोणी काय बदललं हे कळलंच नसतं, हजारो असल्यामुळे ताडता येतं. आणि जिथे शंका आहे तिथे ती लपवलेली नाही. मार्कच्या शेवटच्या १२ ओळी आणि योहानातली व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाहीत, आणि हे बहुतेक बायबलांत तिथल्या तिथे टीप देऊन किंवा कंसात टाकून सांगितलेलं असतं. मी ती टीप वर्षानुवर्षं नजरेआड केली होती. आता मला त्या टीपेमुळे उलट विश्वास वाटतो, कारण जो माणूस इथे नक्की नाही म्हणतो त्याचं बाकीचं नक्की ऐकावंसं वाटतं.

पण एक सांगते, मनापासून. या माहितीने माझा विश्वास तयार झाला नाही. वाटेत पडलेला मोठा दगड बाजूला झाला, चालायचं मलाच होतं. अक्षरं नीट आपल्यापर्यंत पोचली हे पटलं तरी ती देवाची आहेत हे कुठून पटणार? आणि बायबल म्हणतं म्हणून बायबल खरं हे गोल गोल फिरणं मैत्रिणीला तर पटलं नसतंच, मलाही पटत नव्हतं.

माझी वाट शुभवर्तमानांतून, म्हणजे येशूच्या आयुष्याबद्दलच्या मत्तय, मार्क, लूक, योहान या चार पुस्तकांतून गेली. मी ठरवलं की लूक जे म्हणतो ते आधी नुसतं एक साक्ष म्हणून वाचायचं. आणि लूक सुरुवातच कशी करतो बघा, तो थिओफिल नावाच्या माणसाला लिहितो की ज्यांनी आरंभापासून डोळ्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलेलं, मीही मुळापासून सगळा नीट शोध केला, आणि आता क्रमाने लिहितोय, तुला शिकवलं गेलं ते पक्कं आहे हे कळावं म्हणून. शोध केला म्हणतो तो! शोध न करता मान असं तो थिओफिलाला म्हणत नाही. आणि मग त्या साक्षीत काय काय आहे, पेत्राने तीनदा नाकारलं, शिष्यांना कित्येकदा काही कळलंच नाही, कबर रिकामी आहे हे बायांनी येऊन सांगितलं तर प्रेषितांना ती बडबड वाटली. पुढारी लोक स्वतःबद्दल असं लिहून ठेवत नाहीत, जोपर्यंत ते घडलेलं नसतं.

त्या वाचण्यात मी येशूपाशी आले, म्हणजे परत आले, आणि मग माझ्या लक्षात आलं की तो स्वतः शास्त्राशी कसा वागतो. अरण्यात ४० दिवस उपास, भूक लागलेली, आणि सैतान तीनदा येतो, आणि तिन्ही वेळा येशू म्हणतो, असं लिहिलेलं आहे. तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. तो देवाचा पुत्र, स्वतःच्या शब्दाने बोलू शकला असता. पण तो लिहिलेल्या वचनावर उभा राहिला. माझ्यासाठी प्रश्न तिथे मिटला. मी ज्याला प्रभू म्हणते तो जर शास्त्राखाली उभा राहतो तर मी त्याच्यावर उभी राहून हे घेते, ते नको असं म्हणू शकत नाही.

आणि हेही तिथेच आहे, की सैतानही वचनच सांगतो. ९१वं स्तोत्र, अगदी शब्दशः, तुझ्या पायाला ठेच लागू नये म्हणून देवदूत तुला हातांवर झेलतील. वचन खरं, वापर खोटा. मावशीच्या खाटेजवळ मी काय केलं होतं ते मला परत आठवलं. म्हणून मला वाटतं बायबलचा अधिकार मानणं आणि ते नीट अभ्यासणं या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत, अधिकार मानते म्हणजे तिथे जे म्हटलंय तेच ऐकणार, माझ्या सोयीचं नाही, आणि तेच ऐकायचं तर नीट वाचावंच लागतं.

आता अभ्यासाचं. मला कोणी शिकवलं नव्हतं हे, चर्चमध्ये रोज वाचा, मनन करा असं कायम सांगितलं जायचं पण वाचायचं कसं हे कोणी पेन्सिल हातात देऊन दाखवलं नव्हतं. पहिल्यांदा मी उत्पत्तीपासून सुरू केलं आणि लेवीयात अडकले, बहुतेक जण अडकतात तसं. मग मी सगळ्यात लहान पुस्तकांतलं एक घेतलं, फिलेमोनाला पत्र, २५ ओळी, आणि महिनाभर तेच. वहीत हाताने उतरवून काढलं. कोण कोणाला लिहितंय, कुठून, का, कोणते शब्द परत परत येतात. लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगात आहे. फिलेमोनाचा दास अनेसिम त्याच्याकडे आलाय, विश्वासी झालाय, आणि पौल त्याला परत पाठवतोय, दास म्हणून नाही, प्रिय भाऊ म्हणून घे म्हणतो. अनेसिम या नावाचा अर्थच उपयोगी, आणि अकराव्या ओळीत पौल त्यावरच बोलतो, आधी तो तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मला दोघांना उपयोगी आहे.

अठरावी ओळ उतरवताना माझा हात थांबला. तो तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. मी तेव्हा माझ्या भावाशी धड बोलत नव्हते. जुना पैशांचा विषय, कोणाचं किती आणि कोणी कधी द्यायचं होतं, आणि तो सगळा हिशेब माझ्या डोक्यात तारखांसकट पाठ होता. त्या ओळीत भावाचा काही संबंध नाही, पौल फिलेमोनाशी बोलतोय, आणि मी मुद्दाम स्वतःला विचारलं की मी परत यिर्मयासारखंच करतेय का, ओळ उचलून माझ्यावर चिकटवतेय का. पण नाही, पूर्ण पत्र तेच म्हणत होतं. ज्याचं स्वतःचं कर्ज दुसऱ्याने फेडलं तो दुसऱ्याच्या हिशेबाची वही छातीशी धरून कसा बसणार, हाच त्या पत्राचा गाभा आहे, पौल पुढे फिलेमोनाला आठवणही करून देतो की तू तर स्वतःच माझं देणं आहेस. तीन दिवस मी वही उघडली नाही. चौथ्या दिवशी भावाला फोन केला. काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण त्या विषयावर परत कधी बोलायचं नाही हे मी ठरवलं आणि त्याला सांगितलं, दादा, ते संपलं माझ्याकडून. तो बराच वेळ काही बोललाच नाही.

अधिकार हा शब्द मला तेव्हा कळला. पटतंय तोपर्यंत मानणं हा अधिकार नाही, आवडतंय तेवढं घेणं तर नाहीच. जे मला नको होतं ते त्या पानाने मागितलं आणि मी दिलं, बस.

त्यानंतर मार्क. इथे मी एक वेगळं केलं, ॲपमधून मजकूर कॉपी करून त्यातले ओळींचे आकडे आणि अध्यायांचे मथळे सगळे काढून टाकले आणि मोठ्या अक्षरात प्रिंट काढला. कारण हे आकडे मुळात नव्हतेच ना. अध्याय पाडले १३व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँगटनने, आणि नव्या कराराच्या ओळींना आपले आताचे आकडे दिले रॉबेर एस्तिएन नावाच्या छपाईवाल्याने १५५१ मध्ये. शोधायला सोय झाली पण वाचताना मोडतं, यशयाचं ते दुःख सोसणाऱ्या सेवकाचं गीत ५३ला सुरूच होत नाही, ५२च्या शेवटच्या तीन ओळींपासून सुरू होतं, आणि मी ते कायम डोकं कापलेलंच वाचत होते.

तर मार्कचा पाचवा अध्याय, आकडे नसलेला, आणि हातात दोन रंगांच्या पेन्सिली. याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येतो, माझी लहान मुलगी मरायला टेकलीये म्हणतो, येशू निघतो, आणि वाटेत गर्दीत रक्तस्राव होणारी बाई मागून येऊन त्याच्या कपड्याला शिवते. मी लहानपणापासून या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून ऐकल्यात, रविवारच्या शाळेत तर वेगवेगळ्या रविवारी. पण मार्कने एकीच्या पोटात दुसरी घातलीये. मी "बारा वर्षे" या शब्दांखाली रेघ मारली, बाई बारा वर्षं आजारी. पुढे शेवटी मुलगी उठून चालायला लागते तिथे मार्क म्हणतो, ती बारा वर्षांची होती. परत रेघ. म्हणजे ज्या वर्षी या घरात लेक जन्मली त्या वर्षी तिकडे त्या बाईचं दुखणं सुरू झालं.

मग येशू त्या बाईला हाक मारतो, मुली. सगळ्या गर्दीत, जिला कायद्याने अशुद्ध धरलं जायचं, जी लपून आली होती, तिला तो मुली म्हणतो. आणि तो बोलतोय तेवढ्यात याईराच्या घरून माणसं येतात आणि म्हणतात, तुझी मुलगी मेली. मी पेन्सिल ठेवली. दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, लागोपाठच्या दोन ओळींत. एका बापाची मुलगी आहे, तिच्यासाठी बाप पायाशी पडलाय. आणि दुसरीसाठी पाया पडायला कोणी नाही, गोष्टीत तिचा बाप, नवरा, भाऊ कोणीच नाही, तर येशू स्वतःच तिला मुलगी म्हणतोय. मी रडले त्या कागदावर. आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते तिथे होतंच, मी पहिल्यांदा हळू वाचलं एवढंच.

तेव्हापासून मी नव्याने वाचायला लागलेल्यांना एवढंच सांगते की ॲप्लिकेशनला, म्हणजे माझ्यासाठी यात काय आहे याला, घाई करू नका. आधी काय लिहिलंय ते बघा. मग ज्यांना ते पहिल्यांदा लिहिलं त्यांना ते कसं ऐकू आलं असेल. आणि मगच मी. शिवाय हे काय प्रकारचं लिखाण आहे तेही बघावं लागतं. नीतिसूत्रे २६ मध्ये एक ओळ म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच पुढची म्हणते दे. कायदा म्हणून वाचलं तर चूक वाटेल, पण ती सूत्रं आहेत, कुठलं कधी लावायचं याचं शहाणपण आपल्याला यावं म्हणूनच ती शेजारी शेजारी ठेवलीत.

कठीण जागा आहेत आणि त्या सोप्या झाल्या असं मी म्हणणार नाही. शास्ते १९ मध्ये एका बाईचं जे होतं ते वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. एवढं समजलं की बायबलमध्ये एखादी गोष्ट लिहिलीये म्हणजे देवाला ती मान्य आहे असं नाही, ते पुस्तक संपतंच असं की त्या काळी राजा नव्हता, प्रत्येक जण स्वतःला बरं दिसेल ते करायचा, म्हणजे लिहिणारा आपल्याला आरसा दाखवतोय. पण स्तोत्र १३७ची शेवटची ओळ, बाबेलच्या बाळांबद्दलची, ती मी अजूनही हळू आवाजातच वाचते. ती प्रार्थना आहे, ज्यांची स्वतःची मुलं डोळ्यांसमोर गेली त्यांची, हे मला कळतं. तरी अवघडच आहे, आणि मी ती वगळत नाही. वगळायला लागले की परत माझंच बायबल होईल.

एका गोष्टीत मात्र मी आधी चुकले होते. स्वतः अभ्यास करायचा म्हणजे एकटीनेच असं मी धरून चालले आणि वर्षभर चर्चमध्ये बसून मनातल्या मनात संदेशाच्या चुका काढत होते, ते बरोबर नव्हतं. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात बिरुया गावाचे लोक आहेत ना, त्यांचं कौतुक दोन्हीसाठी आहे, त्यांनी वचन मोठ्या उत्सुकतेने स्वीकारलं आणि पौल सांगतोय तसंच आहे का हे रोज शास्त्रात शोधलं. मी शोधायचं तेवढं घेतलं आणि उत्सुकतेने ऐकायचं सोडून दिलं. आणि त्याच पुस्तकात तो कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचतोय, फिलिप्प विचारतो वाचताय ते समजतंय का, तो म्हणतो कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार. त्याला लाज वाटली नाही विचारायची. आता आम्ही पाचजणी दर गुरुवारी फोनवर भेटतो, सगळ्यांनी तोच भाग आधी वाचलेला असतो, आणि नियम एकच, मला असं वाटतं म्हणायचं तर कुठल्या ओळीवरून ते पण सांगायचं. माझे दोन मोठे गैरसमज तिथेच सुटले.

मावशी गेली त्याला आता काही वर्षं झाली. तिचं बायबल माझ्याकडे आहे, कव्हर निघालेलं, समासात बारीक पेन्सिलने खुणा. बरेच ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह. इतक्या वर्षांच्या विश्वासात तिने किती प्रश्नचिन्हं ठेवली होती आणि ती खोडलीही नव्हती.

दादाची धाकटी, १४ वर्षांची, सुट्टीत माझ्याकडे आलीये आणि तिला मी तोच आकडे नसलेला मार्क दिला. काल रात्री ती पाचव्या अध्यायातून वर बघून म्हणाली, आत्या, याईराच्या घरी तो म्हणतो हे कोणाला कळू देऊ नका, पण याच अध्यायात आधी त्या दुष्टात्म्यांनी धरलेल्या माणसाला म्हणतो घरी जा आणि तुझ्या लोकांना सगळं सांग. असं का? मी म्हटलं, मला माहीत नाही, बघूया. म्हणून दोघींनी पहिल्यापासून सुरुवात केलीये, "कोणाला सांगू नको" जिथे येतं तिथे ती हिरवी खूण करते आणि "सांग" म्हणतो तिथे मी लाल. पहिल्याच अध्यायात कुष्ठरोग्यापाशी एक हिरवी झालीये. तिचं म्हणणं आहे की त्या धरलेल्या माणसाचं गाव समुद्राच्या पलीकडे होतं त्याच्याशी काहीतरी संबंध असणार, आणि तिला आज जेवणं झाल्यावर सातव्या अध्यायापर्यंत जायचंय.